कप, काठी आणि शकूची सुई

कप गेल्याचं कारखान्यात कळलं, त्याच दिवशी निवृत्ती पगारे पुन्हा कामावर आला.

त्याची बायको शकू जाऊन पंधरवडा होत आला होता. पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, मुलगी चंद्रभागा मालेगावला सासरी परतली. घरात दोन माणसांची भांडी आणि एक माणूस उरला. तेव्हा निवृत्तीनं ठरवलं, आता कामावर जायचं. मनाची तयारी पक्की केली. लोक जवळ येतील, खांद्यावर हात ठेवतील, वाईट झालं म्हणतील. आपण नुसतं 'हं' म्हणायचं आणि सरळ हॅमर शॉप गाठायचं. डोळ्यांतून टिपूस काढायचं नाही!

सातपूरच्या कारखान्याच्या फाटकातून तो आत आला आणि निश्चय तिथंच डळमळला. काय माणसं ही! वॉचमनची मान खाली. कँटीनवाल्यानं रेडिओ बंद ठेवलेला. मॅनेजर वर्टी साहेब एरवी कामगाराच्या डोक्यावरून पलीकडे बघत बोलायचे, ते आज ऑफिसच्या पायरीवर कपाळाला हात लावून बसलेले! आपल्या शकूसाठी एवढा मोठा माणूस पायरीवर बसला?

टाइम ऑफिसच्या खिडकीतून गोरक्ष कमरेपर्यंत बाहेर आला. हा सिन्नरकडचा गडी. रोज पहाटे योगासनं करायचा आणि दिवसभर त्याबद्दल सांगायचा. अंग असं, की हजेरीचं कार्ड खाली पडलं तर गुडघे न वाकवता उचलायचा, आणि कोणी बघत नसेल तर पुन्हा टाकून पुन्हा उचलायचा.

"निवृत्तीभाऊ, लय वाईट झालं."

"हं."

"काल दुपारपर्यंत वाटत व्हतं, निभावतंय म्हणून."

निवृत्ती थबकला. "काल?"

"मग! शेवटच्या भोकापर्यंत झकास चाललं व्हतं. तिथं साहेबांनी चेंडू घातला विहिरीत. गेला आपला कप!"

तेव्हा निवृत्तीच्या ध्यानात आलं की कारखाना शकूसाठी रडत नव्हता. कारखाना गोल्फचा कप हरला होता!

गंगापूर रस्त्याच्या पलीकडे माळावर कारखानदारांनी मिळून गोल्फचं मैदान केलं होतं. तिथं दरवर्षी साहेब लोकांचे सामने व्हायचे. वर्टी साहेबांनी सलग तीन वर्षं कप आणून फाटकाजवळच्या काचेच्या कपाटात ठेवला होता. तो कप रोज पुसायला वेगळा माणूस नेमलेला होता. आता कपाट रिकामं होतं आणि तो माणूस रिकामं कपाट पुसत होता.

निवृत्तीला राग यायला हवा होता. आला नाही. उलट बरं वाटलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा कोणी त्याच्या तोंडाकडे बघत नव्हतं. तो हॅमर शॉपमध्ये गेला, घण उचलला आणि लाल लोखंडावर असा हाणला की शेजारच्या शेडमधले लोक कप परत आला की काय म्हणून बाहेर आले.

इथवर सगळं ठीक होतं. पण कारखान्यात युनियन होती आणि युनियनचा सेक्रेटरी पुंजाराम होता. त्याला सकाळचा चहासुद्धा घोषणा दिल्याशिवाय उतरत नसे. दुपारच्या सुट्टीत त्यानं फाटकावर सभा घेतली.

"बंधूंनो! कप कोणी घालवला? मॅनेजमेंटनं! कामगारांना विचारलं होतं का?"

"नाय!"

"कारभारात कामगारांचा सहभाग पाहिजे म्हणून आपण घसा फोडतोय. मग गोल्फमध्ये सहभाग का नाही? चेंडू काय फक्त साहेबांच्या बापाचा आहे?"

टाळ्या! पुंजाराम चार माणसं घेऊन साहेबांकडे गेला. त्या सामन्यात एक रीत होती. हरलेल्या कारखान्यानं महिन्याच्या आत मागितला, तर परतीचा सामना द्यावा लागे, आणि जोडीनं खेळावा लागे. वर्टी साहेबांचा जोडीदार म्हणजे त्यांचे पर्चेस मॅनेजर. त्यांनी त्या विहिरीनंतर गोल्फचं नाव टाकलं होतं. साहेब अडचणीत होतेच.

"पुंजाराम, हा खेळ कामगाराला जमण्यातला नाही," ते म्हणाले.

"असं लागतं तरी काय त्यात?"

साहेबांनी विचार केला. खरं उत्तर द्यायची त्यांना सवय नव्हती, पण त्या दिवशी मन हळवं झालेलं. म्हणाले, "थोडी ताकद. थोडी लवचिकता."

हे उत्तर पुरेसं होतं. पण कारखान्यातल्या कोणालाच ते पुरलं नाही. दोन्हीतलं जास्त काय, यावर कँटीनमध्ये महिनाभर पुरेल एवढं भांडण पेटलं.

हॅमर शॉपचं म्हणणं ताकद. "चेंडू लांब पाठवायचा ना? मग बाहूत जोर पाहिजे. जोर नसेल तर चेंडूला काय विनंती अर्ज करायचा?"

टाइम ऑफिस, पॅकिंग आणि स्टोअर दुसऱ्या बाजूला. गोरक्षनं टेबलावरचा चमचा खाली टाकून, गुडघे न वाकवता उचलून दाखवला. "जोरच पाहिजे तर म्हशीला उभी करा! अंग वळलं पाहिजे, अंग! कंबर फिरली की काठी फिरती, काठी फिरली की चेंडू जातो. हाय काय त्यात!"

"काठी वळती आणि तुटती. घण वळत नाय."

"घण वळत नाय म्हणून तर तुमच्या शॉपमधल्या एकालाबी स्वतःच्या चपलेचा पट्टा वाकून लावता येत नाय!"

हे खरं होतं, त्यामुळे भांडण आणखी वाढलं. मिसळीवर पैजा लागल्या. कँटीनवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, दोघांनाही तर्री जास्त लागते, एवढंच मला ठाऊक.

हॅमर शॉपनं निवृत्तीचं नाव पुढे केलं. त्याला विचारलंसुद्धा नाही. निवृत्तीनं ऐकलं आणि नाही म्हणायला तोंड उघडलं. मग त्याला संध्याकाळ आठवली. साडेतीनला पाळी सुटायची, चारला घर. आणि चारपासून झोपेपर्यंत तो, दोन माणसांची भांडी आणि ट्रंकेवर ठेवलेली ती गोधडी.

"खेळतो," तो म्हणाला. एवढ्यावर थांबला असता तर बरं होतं. पण हॅमर शॉपनं आरोळी ठोकली आणि निवृत्तीला चेव चढला. "आयुष्य घण मारण्यात गेलं माझं! पोलाद वाकवलंय. ते पांढरं अंडं किती लांब पाठवू तेवढं सांगा!"

गोधडीचं मात्र त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं.

चंद्रभागेला दिवस गेलेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माहेरी आईच नाही म्हटल्यावर ते सासरीच ठरलं. शकूनं आजारपणात अंथरुणावर बसून नातवंडासाठी लहानशी गोधडी शिवायला घेतली होती. आपल्या जुन्या लुगड्यांचे थरावर थर, वर निळा काठ. तीन कडा पुऱ्या झाल्या. चौथ्या कडेला थोडं शिवून तिनं सुई तिथंच खोवली आणि म्हणाली, "हात दुखायला लागले. उद्या बघू." तो उद्या आला नाही.

मालेगावला परत जाताना चंद्रभागा म्हणाली होती, "बाबा, माहेरचं दुसरं काही नको. तेवढी आईची गोधडी आणा." निवृत्तीनं शब्द दिला होता.

शेजारची धोंडाबाई रोज विचारायची, "दे ना बाबा ती इकडं! एका दुपारचं काम हाय. पोरीचे दिवस भरत आले."

"देतो," निवृत्ती म्हणायचा. आणि द्यायचा नाही. सुई जिथं खोवली होती तिथंच होती, दोरा तिच्यात होता. त्यानं गोधडी उघडलीसुद्धा नव्हती. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

आता निवड. निवृत्ती आणि गोरक्ष, दोन उमेदवार, जागा एक. दुसरा जोडीदार मिळेना, म्हणून वर्टी साहेबांनी आपली एक जुनी विलायती काठी आणि तीन चेंडू दिले आणि चाचणीसाठी त्र्यंबक नाक्याजवळच्या गोल्फ क्लबच्या मैदानावर सगळ्यांना बोलावलं. नाशिकमध्ये गोल्फ क्लब म्हणजे असं मैदान, की तिथं गोल्फ सोडून सगळं व्हायचं. सर्कस यायची, सभा व्हायच्या, पोरं क्रिकेट खेळायची, शेळ्या चरायच्या. त्या दिवशी खरोखर कोणीतरी गोल्फ खेळायला आलंय म्हटल्यावर शेळ्यासुद्धा चरायच्या थांबल्या.

पहिला निवृत्ती. त्यानं हातावर थुंकी घेतली, पाय रोवले आणि घण मारावा तशी काठी डोक्यावरून खाली आणली. जमिनीला खड्डा पडला. चेंडू जागच्या जागी!

"अहो पगारे, खाली नाही मारायचं!" साहेब ओरडले. "बाजूनं!"

निवृत्तीनं बाजूनं मारली. असा सपकारा झाला की जवळच्या दोघांच्या टोप्या उडाल्या. काठीचं लोखंडी तोंड दांड्यातून निसटलं आणि भणभणत गेलं, ते थेट भेळवाल्याच्या चुरमुऱ्यांच्या पोत्यात! चेंडू जागच्या जागी. भेळवाला पोत्यातून ते तोंड काढून, हात लांब धरून विचारत आला, "कोणाचं हत्यार हे? पोलिसांत देऊ का?"

गोरक्ष हसून हसून दुहेरी झाला. त्याचं दुहेरी म्हणजे खरंच दुहेरी! मग तो पुढे आला. साहेबांनी आपली चांगली काठी देवाचं नाव घेऊन त्याच्या हाती दिली.

"अंग वळवायचं, बरं का. कमरेतून," साहेब म्हणाले.

एवढंच पाहिजे होतं. गोरक्ष वळला. आणखी वळला. पाय मुंबईकडे, पोट गंगापूरकडे आणि तोंड त्र्यंबककडे झालं तरी वळतच राहिला. लोक श्वास रोखून बघत राहिले. मग कुठंतरी 'कट्' असा आवाज झाला.

"मारा आता!" साहेब म्हणाले.

"मारतो की," गोरक्ष तिकडं तोंड करूनच म्हणाला. "आधी मला कोणीतरी सरळ करा."

केळीवाल्याच्या हातगाडीवर घालून त्याला हाडं बसवणाऱ्याकडे नेला. सगळ्या वाटेनं तो लोकांना पाठमोरा नमस्कार करत होता. चेंडू जागच्या जागी!

म्हणजे ताकदीनं काठी मोडली आणि लवचिकपणानं माणूस. कँटीनमध्ये दोन्ही पक्ष आपणच जिंकल्याचं सांगत राहिले.

हॅमर शॉपनं काठीचा प्रश्न आपल्या पद्धतीनं सोडवला. विलायती माल कमकुवत, असं सगळ्यांचं एकमत झालं. मग ट्रकचा एक मोडका कमानपाटा भट्टीत घातला, ठोकला, वळवला, पाणी दिलं, आणि निवृत्तीसाठी गोल्फची नवी काठी घडवली. वजनाला पहारीच्या जवळपास. दिसायला अशी, की वॉचमननं ती फाटकावर दोनदा अडवली. वर्टी साहेबांनी ती हातात घेतली आणि लगेच जमिनीवर ठेवली. पण नाही म्हणता येईना, कारण गोरक्ष पाठीला पट्टा बांधून बसला होता. निवड आपोआप झाली होती.

"सराव करा पगारे," ते म्हणाले. "घरच्या घरी करा. दोरीवर जुनं ब्लँकेट टांगायचं आणि त्यावर मारायचं. चेंडू हरवत नाही."

हे वाक्य पुंजारामनं ऐकलं, आणि तिथून घात झाला.

सातपूर कॉलनीत कोणाच्या घराची किल्ली कुठं असते हे सगळ्यांना माहीत असायचं. निवृत्तीची चौकटीवर असायची. शुक्रवारी पुंजारामची रजा होती. निवृत्ती पाळीवरून येईपर्यंत सरावाची सगळी तयारी करून ठेवावी, या चांगल्या विचारानं तो पाठीमुळे रजेवर असलेल्या गोरक्षला घेऊन कॉलनीत आला. कामगाराचं ते सगळ्यांचं, ही त्याची शिकवण होतीच. त्यानं किल्ली काढली, आत गेला, कोपऱ्यातली नवी काठी गोरक्षच्या हाती दिली, ट्रंकेवरची गोधडी घेतली आणि अंगणातल्या कपड्यांच्या दोरीवर टांगली.

"लहान हाय की ही," गोरक्ष म्हणाला. "तान्ह्या पोराची वाटती."

"नेम शिकायला लहानच बरी. तू बघ एक मारून, दोरी टिकते का."

"माझी पाठ..."

"हळू मार! कोणी सांगितलंय तुला सगळं वळायला?"

निवृत्ती सायकलवरून गल्लीच्या तोंडाशी आला, तेव्हा त्याला आधी दिसला निळा काठ. मग दिसला गोरक्ष, पाठीला पट्टा, हातात ती कमानपाट्याची काठी.

"ए! थांब! थांब म्हणतो ना!"

निवृत्ती एवढा मोठ्यानं ओरडला की गोरक्ष दचकला. दचकला म्हणून वळायचं विसरला. काठी जड म्हणून जोर लावायचाही राहिला. काठी आपल्याच वजनानं झुलली, चेंडूला अलगद लागली, आणि चेंडू सरळ रेषेत जाऊन गोधडीच्या मधोमध बसला. धप्! गोधडीनं त्याला पोटात घेतलं आणि खाली सोडलं. इतक्या दिवसांत कोणीतरी मारलेला हा पहिला चेंडू!

"बसला!" पुंजाराम नाचायला लागला. "बसला रे! कामगार एकजुटीचा..."

निवृत्तीनं सायकल तशीच टाकली आणि गोधडी दोन्ही हातांत धरली. चौथ्या कडेला बोटभर दोरा लोंबत होता. सुई नव्हती.

पुंजारामची घोषणा अर्ध्यावर राहिली. निवृत्तीनं त्यांना शिव्या दिल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर दोघांना बरं वाटलं असतं. तो फक्त म्हणाला, "सुई होती इथं. तिनं ठेवलेली," आणि गुडघ्यांवर बसून माती चाचपायला लागला.

मग मात्र सगळी कॉलनी अंगणात आली. बायका वाकल्या, बापे बसले, धोंडाबाईनं चष्मा नाकावर चढवला. गोरक्षला वाकता येईना, म्हणून तो पोटावर आडवा झाला आणि पालीसारखा सरपटत माती हुंगू लागला. सुई सापडेना.

"असं नाय जमायचं," पुंजाराम म्हणाला. त्याला अपराधी वाटत होतं आणि अपराधी वाटलं की त्याला मोठ्या कल्पना सुचत. "आपण लोखंडातली माणसं! लोहचुंबक आणतो!"

कारखान्यात जमिनीवरचा लोखंडाचा चुरा उचलायला जात्याच्या तळीएवढा लोहचुंबक होता. तो पुंजारामनं कोणाला सांगून आणला की न सांगता, ते विचारण्यात अर्थ नाही. सायकलच्या कॅरिअरवर घालून आणला. आणि तो कॅरिअरला असा चिकटला की काही केल्या सुटेना! निवृत्तीनं ताकद लावून ओढला. सायकलच उचलली गेली. गोरक्षनं पिळून, वळवून, अंग मुरडून बघितलं. त्याच्या पँटचं बकल चिकटलं. त्याला सोडवायला चौघं लागले.

शेवटी सायकल आडवी पाडून तिच्यासकट चुंबक अंगणभर फिरवला. आधी मागचं चाक निवृत्तीनं ओढायचं, मग पुढचं पुंजारामनं ढकलायचं. खिळे आले. बाटल्यांची झाकणं आली. सायकलींच्या चकत्या, केसांचे आकडे, सेफ्टी पिना, एक आडकित्ता.

"माझा आडकित्ता!" धोंडाबाई किंचाळली. "आणि मी सुनेला बोल लावला!"

"आता सुनेची माफी मागा," गर्दीतून कोणीतरी म्हटलं.

"आडकित्ता सापडलाय, अक्कल नाय गेली माझी!"

आणि सुया आल्या. एक नाही, मूठभर! कॉलनी वसल्यापासून बायकांनी ओट्यावर बसून जेवढ्या गोधड्या शिवल्या, तेवढ्या सगळ्यांच्या हरवलेल्या सुया त्या मातीत होत्या. ही माझी, ती माझी असं सुरू झालं. नाक मोठं ती हिची, टोक बोथट ती तिची. भांडणं झाली, जुने हिशेब निघाले. शेवटी दावे नसलेल्या तीन सुया निवृत्तीच्या तळहातावर उरल्या.

निवृत्ती ठिणग्या बघून पोलादाची जात सांगायचा. हॅमर शॉपमध्ये त्याचा शब्द शेवटचा. त्यानं तीन सुया उन्हाकडे धरल्या, फिरवल्या, पुन्हा धरल्या. त्याला आपल्या बायकोची सुई ओळखता येईना.

"कुठलीबी घे," धोंडाबाई म्हणाली. तिचा आवाज आता मऊ झाला होता. "सुई ती सुईच बाबा."

"हं," निवृत्ती म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पाळीवरून आल्यावर तो गोधडी घेऊन ओट्यावर बसला. आता आपणच शिवायची, असं त्यानं ठरवलं होतं. एवढासा तर तुकडा उरलाय! गोरक्ष आणि पुंजारामही आले होते. तोंडं पाडून, न बोलावता.

सुईत दोरा ओवायला निवृत्तीनं तासभर घालवला. त्याच्या बोटांत सुई दिसायचीच नाही. मग गोरक्षनं घेतली आणि एका फटक्यात ओवली. "बघा! लवचिक बोटं!" पण थरावर थर लुगडी, गोरक्षच्या त्या लवचिक बोटांतून सुई आत जाईना. नुसती वाकडी होऊन परत यायची.

"आण इकडं. जोर पाहिजे," निवृत्ती म्हणाला आणि अंगठ्यानं रेटली. सुई मोडली. दुसरी घेतली. तीही मोडली.

धोंडाबाई दारातून बघत होती. तिला राहवेना. ती आपल्या घरातली सुई घेऊन आली आणि तिनं एका चिंधीवर टाका घालून दाखवला. "ढकलू नका रे दांडग्यांनो! अंगठ्यानं दाबायचं आणि मनगटानं सोडायचं. शकूचा हात बघितला नाय का कधी? ह्या जाडीतून सपासप सुई काढायची. तुम्ही दोघं महिनाभर ताकद का लवचिक करून भांडताय. तिच्या मनगटात दोन्ही व्हतं! गोल्फला घ्यायचं व्हतं तर तिला घ्यायचं व्हतं!"

कोणी हसलं नाही. मग निवृत्तीच आधी हसला, कारण त्याच्या डोळ्यांपुढं शकू पदर खोचून कमानपाट्याची काठी घेऊन उभी राहिली आणि वर्टी साहेबांना म्हणाली, सरका तिकडं!

तिसरी सुई त्यानं वापरली नाही. शकूचा शेवटचा टाका होता तिथं ती खोवून ठेवली. धोंडाबाईनं हात पुढे केला, मग तिनंच तो मागे घेतला.

रविवारी सामना झाला. समोरच्या कारखान्याचे साहेब निवृत्तीची काठी बघून म्हणाले, "हे काय, खड्डे खणायला आलात?" निवृत्तीनं बहुतेक वेळ तेच केलं. वर्टी साहेब मात्र त्या दिवशी पेटले होते. त्यांनी एकट्यानं सामना बरोबरीत आणला. शेवटच्या भोकाशी जोडीदाराचा फटका. म्हणजे निवृत्तीचा!

झाडाखाली सगळं हॅमर शॉप, सगळं टाइम ऑफिस. "जोर लावा!" "अंग वळवा!" निवृत्तीनं दोन्ही ऐकलं नाही. अंगठ्यानं दाबायचं, मनगटानं सोडायचं. त्यानं काठी झुलू दिली. टक्! चेंडू उठला, विहिरीवरून गेला, गवतावर टेकला, घरंगळत घरंगळत झेंड्यापाशी आला आणि भोकात पडला!

पुंजारामनं गोरक्षला मिठी मारली. गोरक्षची पाठ पुन्हा 'कट्' झाली, पण ह्या वेळी बसली! हॅमर शॉप नाचत मैदानात शिरलं. निवृत्ती काठी टाकून उभा होता. शकू जाऊन एवढे दिवस झाले, त्यात पहिल्यांदा त्याला कोणाला तरी काहीतरी सांगावंसं वाटलं, आणि सांगायला तीच हवी होती.

वर्टी साहेब शांतपणे जवळ आले. "पगारे, असा फटका मी जन्मात मारलेला नाही."

"साहेब, ते आमच्या मंडळींचं..."

"पण तो झेंडा सातव्या भोकाचा आहे. आपलं नववं. तिकडं, मागं."

कप तिकडेच राहिला.

सोमवारी सकाळी कारखान्यावर पुन्हा तीच अवकळा. वॉचमनची मान खाली, रेडिओ बंद. टाइम ऑफिसच्या खिडकीतून गोरक्ष बाहेर आला, पाठ जपून, थोडासाच.

"निवृत्तीभाऊ, लय वाईट झालं."

"झेंडे सगळे सारखेच की रे. मला काय ठाऊक!"

"त्याचं नाय म्हणत." गोरक्षनं कार्डाच्या गठ्ठ्याकडे बघितलं. "वहिनींचं म्हणतोय. त्या दिवशी बोलायचं राहिलं."

"हं," निवृत्ती म्हणाला. त्यानं टिपूस न काढायचं ठरवलं होतं, ते त्या दिवशी काही जमलं नाही.

त्याच आठवड्यात मालेगावहून तार आली. मुलगी झाली होती. निवृत्ती एसटीनं गेला, गोधडी मांडीवर घेऊन. तऱ्हेतऱ्हेची माणसं चढली, उतरली, त्यानं ती कोणाच्या अंगाला लागू दिली नाही. चंद्रभागेच्या सासूनं गोधडी उलगडली, काठ बघितले, कौतुक केलं. चौथ्या कडेशी आल्यावर म्हणाली, "अगं बाई, एवढंसंच राहिलंय! सुईपण हाय की. आणा, मी आत्ता घालते चार टाके."

"नको," निवृत्ती आणि चंद्रभागा एकदमच म्हणाले.

सासूबाईंनी दोघांकडे बघितलं आणि मग बाळाला टोचेल म्हणून सुई काढून निवृत्तीच्या हातावर ठेवली. ती आता त्याच्या खिशात असते, कागदाच्या पुडीत. ती शकूची आहे की कॉलनीतल्या दुसऱ्या कोणाची, ते कळायला मार्ग नाही. कँटीनमध्ये ताकद मोठी की लवचिकपणा, हे ठरायचं आहे. लोहचुंबक पुंजारामच्या सायकलीवरून अजून सुटायचा आहे. आणि गोधडीची चौथी कड शिवायची राहिली आहे.